ऐकावे जनाचे, पण तपासून

(द्वितीय वर्ष, कला)

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण शाळेतल्या निबंधात वापरली की एखादा गुण जास्त मिळत असे. पण जन म्हणजे कोण, ते कशावर बोलत आहेत आणि त्यांचे ऐकून बिघडले तर भरपाई कोण करणार, याचा विचार त्या निबंधात मी कधीच केला नव्हता. तो विचार करण्याची पाळी गेल्या दीड वर्षात माझ्यावर आली, आणि ती आणली कुत्र्यांनी! वाचकांना हसू येईल. वार्षिकांकात लिहायला बेकारी आहे, दुष्काळ आहे, स्त्रीमुक्ती आहे. ते सोडून ही मुलगी कुत्र्यांवर काय लिहिते, असेही कोणी म्हणेल. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

माझे गाव माणदेशात. घरी मेंढरे. दिवाळी झाली की वडील वाडा घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. शिकायला म्हणून मी साताऱ्यात मावशीकडे राहते. मावशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी स्वयंपाक करते. बाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्या कुत्र्याला, सुलतानला, सकाळी फिरवून आणण्याचे काम मला मिळाले. महिन्याला थोडे पैसे आणि बाईंच्या कपाटातली पुस्तके, असा आमचा करार आहे. सुलतान लॅब्रॅडॉर जातीचा, वयाने दहा वर्षांचा, खाण्यात तरबेज आणि चढावर आळशी. रोज सहा वाजता आम्ही दोघे चार भिंतींच्या रस्त्याला लागतो.

त्या रस्त्यावर मला एक नवाच समाज भेटला. साखळी हातात धरलेल्या माणसांचा. ही माणसे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, कुत्र्याच्या नावाने ओळखतात. ‘ब्रुनोचे काका’, ‘राणीच्या काकू’, ‘टायगरवाले आजोबा’. मी अर्थातच ‘सुलतानची ताई’. राणीच्या काकूंचे आडनाव मला पाच महिन्यांनी कळले. एरवी या शहरात एकटीने चालणाऱ्या खेड्यातल्या मुलीशी कोणी आपण होऊन बोलत नाही, आणि बोलले तर बोलू नये असे वाटते. पण हातात साखळी असली की चित्र पालटते. बँकेतले साहेब थांबून विचारतात, “काय गं, आज लंगडतोय का हा?” सुलतान खरेच लंगडत असतो; पंजात काटा गेलेला असतो. साहेब तिथेच उकिडवे बसून काटा काढून देतात. माझी जात, माझे गाव, माझे मार्क कोणी विचारत नाही. मला वाटते, महाविद्यालयाच्या आवारातसुद्धा इतकी सहज बरोबरी मला इतक्या लवकर मिळाली नव्हती.

या मंडळींचा मुख्य व्यवहार म्हणजे सल्ला. कुत्रा पाळणाऱ्या माणसाइतका सल्ला देणारा आणि घेणारा प्राणी दुसरा नसेल. आणि त्यातला पुष्कळसा सल्ला सोन्यासारखा असतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आधी आपला तळवा टेकवून पाहावा, आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसणार, हे मला ब्रुनोच्या काकांनी सांगितले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नये, हे टायगरवाल्या आजोबांनी. द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि चॉकलेट या वस्तू आपल्याला कितीही प्रिय असल्या तरी कुत्र्याला बाधतात, हे तर मला ठाऊकच नव्हते. आमच्या मोत्याने जन्मात द्राक्ष पाहिलेले नाही, हा त्यातला आनंद! गोचीड काढताना ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. दिवाळीत फटाके वाजू लागले की कुत्र्याला रागावू नये, त्याला घराच्या आतल्या खोलीत अंथरूण घालून द्यावे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस द्यावी, कारण पार्व्हो नावाचा रोग रक्ताची हगवण लावून दोनतीन दिवसांत पिल्लू नेतो. या रोगाचा पत्ता शास्त्रज्ञांना १९७८ च्या सुमारास लागला, म्हणजे माझ्या आजोबांच्या ऐन उमेदीपर्यंत तो कोणाला माहीतच नव्हता.

सल्ल्यापलीकडचेही काही या मंडळीत आहे. मागच्या पावसाळ्यात टायगर गेला. म्हातारा झाला होता. चारपाच दिवस आजोबा दिसले नाहीत. मग एका सकाळी आले, हातात नुसता पट्टा. सवयीने उचलला असावा. कोणी काही विचारले नाही. ब्रुनोच्या काकांनी ब्रुनोची साखळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “आज जरा धरता का? माझा खांदा दुखतोय.” काकांचा खांदा दुखत नव्हता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आजही आजोबा रोज येतात आणि कोणाचा ना कोणाचा कुत्रा फिरवतात.

असो. इतके चांगले लिहिले, आता दुसरी बाजू लिहिणे भाग आहे. याच रस्त्यावर मी असेही सल्ले ऐकले आहेत की ज्यांनी कुत्रे मरू शकते. खरूज झाली की मोटारीचे जळके तेल चोपडा. कुत्रे ते अंगावरून चाटते आणि विष पोटात जाते. ताप आला की माणसाची तापाची गोळी अर्धी करून द्या. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड, आतडे यांना इजा होऊ शकते. तज्ज्ञाने सांगितल्यावाचून त्या देऊच नयेत. नाक कोरडे म्हणजे ताप, ओले म्हणजे तब्येत ठणठणीत, असेही सर्रास सांगतात. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचेही नाक कोरडे असते. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, असते. म्हणून त्याच्या पोटाला हात लावून “तापलाय बरं का” असे म्हणणाऱ्यावर विसंबू नये. हे सल्ले देणारी माणसे वाईट नाहीत. ज्यांनी सुलतानचा काटा काढला त्याच साहेबांनी जळक्या तेलाचा उपाय सांगितला होता. एका बाबतीत उपयोगी पडलेला माणूस दुसऱ्या बाबतीतही बरोबरच असेल, असे आपण धरून चालतो. माझा आक्षेप आहे तो इथे.

हे सारे मला अजून गंमतच वाटले असते. पण गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या घरी जे घडले त्यानंतर गंमत उरली नाही.

माझा धाकटा भाऊ सहावीत आहे. वडील वाडा घेऊन कोकणात होते. घरी आई, आजी, भाऊ आणि म्हातारा झाल्यामुळे वाड्याबरोबर न नेलेला मोत्या. एका संध्याकाळी कुठलेसे परके कुत्रे आवारात शिरले आणि भावाच्या पोटरीला चावले. मोत्या मध्ये पडला. दोघांची झोंबाझोंबी झाली, मोत्याचा कान फाटला, आणि ते कुत्रे ओढ्याकडे पळाले. आजीने जखमेत मिरचीची पूड भरली, वर चुना लावून फडके बांधले. शेजारपाजारचे जमले. एकजण म्हणाला, अमक्या गावाला झाडपाल्याचे औषध देतात, एकदा घेतले की जन्माची चिंता नाही. दुसऱ्याने उतारा टाकायला सांगितले. चुलते म्हणाले, “धा दिस त्या कुत्र्यावर नजर ठिवू. मेलं तर बघू म्होरचं.” सगळे आमचेच, सगळे जिवाभावाचे. रात्र तशीच गेली.

सकाळी साडेसहाला आईचा मोबाइल आला तेव्हा मी चार भिंतींच्या चढावर होते. माझा चेहरा पाहून मंडळी जमली, आणि एकाच वेळी चार सल्ले सुरू झाले. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले की पुरते. घरच्या कुत्र्याचा चावा नाही ना, मग पोटात चौदा सुया. छे, आता चौदा नाहीत, एकच असते. पायाला चावला ना, पाय मेंदूपासून लांब, घाई नको. मी पाहत होते, माझे गाव आणि हे शहर यांत फरक एवढाच की गावाकडचे मिरची म्हणत होते आणि इकडचे इंजेक्शनची नावे घेत होते. ठाम मात्र दोघेही सारखेच.

त्या गर्दीत राणीच्या काकू पुढे आल्या. त्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आईशी त्या अगदी सावकाश बोलल्या. “ताई, फडकं सोडा. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. काल धुतलं नसलं तरी आज धुवा. मिरची पार जाऊ द्या. वर काही बांधू नका. आणि त्याला आजच दवाखान्यात न्या, दहा दिवस थांबू नका. रक्त आलंय ना? मग दोन गोष्टी मागा. दंडात द्यायची लस, आणि जखमेत भरायची लस वेगळी, तिला सीरम म्हणतात. दोन्ही हव्यात.” मग त्यांनी मला दोन्ही नावे वहीच्या पाठीवर लिहून दिली आणि मी ती आईला पुन्हा वाचून दाखवली.

जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हते. “उद्या या,” असे सांगण्यात आले. आई परत फिरणार होती. सरकारी माणसाने उद्या या म्हटले की आमच्याकडची माणसे उद्या जातात. पण काकूंनी आधीच बजावले होते की नाही म्हणाले तर कुठे मिळेल ते लिहून मागा. आईने ते मागितले. सही करता न येणाऱ्या माझ्या आईने चिठ्ठी मागितली, हे मला आजही खरे वाटत नाही. त्या चिठ्ठीवर संध्याकाळपर्यंत मोठ्या रुग्णालयात भावाच्या जखमेत सीरम भरले गेले. पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात लस झाली. चौथ्या दिवशी ते परके कुत्रे ओढ्यात मरून पडलेले आढळले. ते पिसाळलेले होते की नव्हते, हे कोणी तपासले नाही आणि आम्हांला कधीच कळणार नाही. भाऊ बरा आहे; सध्या गणितात नापास होण्याच्या बेतात आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. पाण्याला भिणे, वाऱ्याची झुळूक सहन न होणे सुरू झाले की औषध संपले. आणि हाच रोग वेळेवर लस घेतल्यास बहुधा हमखास टळतो. चाव्यानंतर लक्षणे दिसायला बहुतेक वेळा काही आठवडे ते दोनतीन महिने लागतात. त्या मधल्या काळात झाडपाल्याचे औषध घेतलेला माणूस ठणठणीत दिसतो, आणि ज्याला पिसाळलेले कुत्रे चावलेलेच नसते तो तर जन्मभर ठणठणीत राहतो. त्या गावच्या औषधाचा लौकिक असाच वाढतो. दहा जण बरे झाले असे सांगतात. ते दहा जण मुळात आजारी होते का, हे कोणी विचारीत नाही. आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला हा दोष शिकवला तेव्हा फळ्यावर उदाहरण दुसरेच होते, पण मला आमचा ओढा आठवत होता.

आता आजीविषयी. घरी गेल्यावर मी तिला रागावून बोलले. कॉलेजात गेलेल्या मुलीचा तोरा माझ्या अंगात होता. आजीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुला काय ठावं? आमच्या येळंला बेंबीभवती चौदा सुया टोचायचे. माणूस सुजायचा. जिल्ह्याच्या गावाला चौदा दिस ऱ्हायचं कुनाकडं?” मी बाईंच्या मदतीने हे तपासले, आणि आजी खोटे बोलत नव्हती. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. आपल्या देशात कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास जी लस तयार केली ती पुढे जवळजवळ शतकभर चालली. ती पोटात, रोज एक याप्रमाणे चौदा दिवसांपर्यंत घ्यावी लागे, आणि क्वचित तिच्यामुळेच लकवा येई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आणि वाचकहो, ती लस मेंढरांच्या मेंदूपासून बनत असे! मेंढरे राखणाऱ्या घरात जन्मून मला हे ठाऊक नव्हते.

म्हणजे आजीची भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती. फक्त अनुभव जुना झाला होता आणि तो जुना झाल्याचे तिला कोणी येऊन सांगितले नव्हते. लस बदलली, पोटाऐवजी दंड आला, चौदाऐवजी चारपाच वेळा जावे लागू लागले. पण ही बातमी आमच्या वाडीवर पोचलीच नाही. मिरची मात्र घरातच होती. म्हणून मी आता आजीला हसणाऱ्यांना हसते. चुकीचा सल्ला पुष्कळदा मूर्खपणातून येत नाही. दवाखाना लांब असतो, एसटीला पैसे नसतात, आणि कोणीतरी आपुलकीने काहीतरी सांगणारे जवळ असते, त्यातून तो येतो. तो मोडून काढायचा असेल तर तितक्याच आपुलकीने खरी गोष्ट सांगणारे कोणी तरी जवळ हवे. राणीच्या काकूंनी आईला ‘ताई’ म्हटले नसते तर आईने मिरची धुतली असती की नाही, मला शंका आहे.

राहिला मोत्या. त्याला कधीही लस टोचलेली नव्हती. आणि इथे मला माझ्या घराचीच लाज वाटली. आमच्या मेंढरांना देवीची लस, आंत्रविषाराची लस, सारे वेळच्या वेळी होते. वडिलांना अक्षर लिहिता येत नाही, पण कोणत्या कळपाला कधी लस झाली हे तोंडपाठ असते. कारण मेंढराची किंमत बाजारात ठरते. आणि जो रात्रभर लांडग्याच्या वासावर जागा राहून ती मेंढरे राखतो त्याला बाजारात किंमत नाही, म्हणून लसही नाही! चुलते म्हणाले, काठी घालून मोकळे होऊ. वडिलांचा कोकणातून निरोप आला, “पोरासाठी त्यानं अंगावर घेतलंया. काठी घालायची न्हाय.” गुरांच्या डॉक्टरांनी साफ सांगितले की अशा कुत्र्याला मारून टाकणे हाही मार्ग सांगितलेला आहे, ठेवायचाच असेल तर लसी टोचून सहा महिने एकटे, पक्के बांधून ठेवा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. त्याची जखम धुणाऱ्या आईलाही सुया घ्याव्या लागल्या. गोठ्यामागे जाळी ठोकून मोत्याला त्यात ठेवले. आई लांब काठीने भाकरीची पाटी आत सरकवायची. पहिले पंधरा दिवस तो रात्रभर रडत असे. फोनवर बोलताना मला ऐकू यायचे. सहा महिन्यांनी त्याला सोडले. वडील परत आले होते. त्याच आठवड्यात त्यांनी वाड्यावरच्या तिन्ही कुत्र्यांना लस टोचून आणली.

हे सगळे मी सकाळच्या मंडळीला सांगितले. तेव्हा बँकेतले साहेब म्हणाले, “तुझे वडील त्या कुत्र्यांना शिकवतात कसं?” तोपर्यंत त्या रस्त्यावर मी फक्त ऐकणारी होते. कोणता कुत्रा कोणत्या जातीचा आणि किती हजारांचा, या गप्पा चालत तेव्हा मी गप्प असे, कारण मोत्याला जात नाही आणि किंमतही नाही. त्या दिवशी मी बोलले. आमच्याकडे पिल्लाचे डोळे उघडले की त्याला कोकरांत सोडतात, म्हणजे मेंढरू हेच त्याला आपले घर वाटते. नव्या कुत्र्याला माणूस शिकवत नाही, जुना कुत्रा शिकवतो. आणि दिवसभर वाड्याबरोबर चाललेला कुत्रा रात्री चपला कुरतडत नाही. साहेबांचा कुत्रा रोज चपला कुरतडतो. त्याला फिरणे मिळते पंधरा मिनिटे. मी म्हटले, “काका, त्याला चालवा आणि काहीतरी काम द्या. वर्तमानपत्र आणायला शिकवा.” पंधरवड्याने साहेबांनी येऊन सांगितले की चपला वाचत आहेत, वर्तमानपत्र तेवढे फाटते!

कॉलेजात आल्यावर मला नकळत वाटू लागले होते की पुस्तकात असते ते ज्ञान आणि घरी असते ते अज्ञान. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पुष्कळांना असे वाटते, आणि मग आम्ही घरी कमी बोलू लागतो. कुत्र्यांच्या या शाळेत मी असे शिकले की विभागणी तशी नाही. वडिलांचे कुत्र्याच्या स्वभावाविषयीचे ज्ञान खरे आहे, कारण ते रोज डोळ्यांसमोर तपासले जाते. चुकले तर सकाळी मेंढरू कमी भरते. आजीचे पिसाळीविषयीचे ज्ञान खोटे ठरले, कारण ते तपासण्याची सोय तिच्याजवळ नव्हती. आणि साहेबांचे जळके तेल शहरातले असूनही खोटेच होते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. कुत्रा पाळणाऱ्यांची ही आपसातली संगत मोलाची आहे, ती मोडू नये, उलट गावोगावी व्हावी. पण सल्ला घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा सल्ला स्वभावाचा आहे की रोगाचा? स्वभावाचा असेल तर जरूर ऐकावा, करून पाहावा. रोगाचा असेल तर सोबत्याचे ऐकून डॉक्टरांकडे जावे, डॉक्टरांऐवजी सोबत्याकडे जाऊ नये. दुसरा प्रश्न, हा सल्ला चुकला तर काय जाईल? चप्पल जाणार असेल तर खुशाल प्रयोग करावा. जीव जाणार असेल तर करू नये. तिसरा प्रश्न, सांगणाऱ्याने हे स्वतः केले आहे की नुसते ऐकले आहे, आणि केले असेल तर किती वर्षांपूर्वी? आणि सल्ला देणाऱ्यांसाठी एकच नियम पुरे. ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला शिकावे. चार भिंतींच्या चढावर त्या सकाळी एवढे शब्द तिघाचौघांनी उच्चारले असते तर काकूंचे बोलणे पाच मिनिटे आधी सुरू झाले असते.

कोणी म्हणेल, डॉक्टरांकडे जा म्हणणे सोपे आहे, आमच्या गावात डॉक्टर कुठे आहे? हा आक्षेप मला मान्य आहे. तो सोडवणे एकट्यादुकट्याचे काम नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात लसीबरोबर सीरमही असलेच पाहिजे, आणि ‘उद्या या’ हे शब्द कुत्रे चावलेल्या माणसाला उच्चारता कामा नयेत, ही मागणी आपण केली पाहिजे. केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारी पिसाळ संपवण्याचा आराखडा २०२१ मध्ये जाहीर केला आहे. पण आराखडा दिल्लीत असतो आणि कुत्रे ओढ्यात असते. मधले अंतर कोणीतरी चालून जावे लागते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यात जाते. तिथे रस्ता झाडतात, शोषखड्डे खणतात. माझी सूचना आहे की पुढच्या शिबिरात एक दिवस गुरांच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन गावातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याला लस टोचावी, आणि संध्याकाळी पारावर साबण, पाणी आणि पंधरा मिनिटे एवढेच सांगावे. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. तोही दिवस चालेल.

मावशीचे म्हणणे आहे की या लेखात मी कुत्र्यांचे फार कौतुक केले आणि माणसांचे कमी. तसे नाही. राणीच्या काकूंना मी हा लेख वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे. एकच दुरुस्ती कर. पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजायची, अंदाजानं नाही.” ती दुरुस्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.